चौथऱ्यावरून रुळांवर : प्रस्तावना

पुलगाव ते आर्वी हे अंतर 35 किलोमीटरचं. 1917 साली या पट्ट्यात अडीच फुटी रूळ पडले आणि आर्वीच्या बाजारातला कापूस बंडीतून उतरून डब्यात चढला. पुलगावला तो मोठ्या लाइनीच्या गाडीत जायचा आणि तिथून मुंबईच्या वाटेला लागायचा. ही लाइन सरकारनं घातली नव्हती. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी नावाची एक खासगी कंपनी होती. लाइन तिच्या मालकीची, आणि ती चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, पुढे मध्य रेल्वे. याच कंपनीच्या मुर्तिजापूर-यवतमाळ आणि मुर्तिजापूर-अचलपूर या दोन लाइनींवरची गाडी वऱ्हाडात ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेली. आर्वीची लाइन तिची धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. आता आर्वीला गाडी जात नाही.

शकुंतला ओढणारं एक झेडडी जातीचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं होतं. 1923 मध्ये ते कामाला लागलं आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ एकच यंत्र उन्हाळ्याच्या त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांत, काळ्या मातीच्या धुळीत आणि जड पाण्यावर रोज चाललं. कौतुक सगळं इंजिनाचं होतं. मँचेस्टरचं लोखंड किती पक्कं, असं आपण सहज म्हणून जातो. पण कोणतंही लोखंड आग, पाणी आणि दाब यांच्यापुढे आपल्या बळावर सत्तर वर्षं टिकत नाही. ते इंजिन चाललं कारण त्याची दुरुस्ती कधी थांबली नाही. रोज रात्री आग काढून राख झाडली जायची, ठरावीक दिवसांनी बॉयलर रिकामा करून धुतला जायचा, काही वर्षांनी अख्खं इंजिन खोलून पुन्हा बांधलं जायचं. सत्तर वर्षांच्या अखेरीला त्यातलं मूळ लोखंड किती उरलं असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. पण दुरुस्त करणाऱ्यांची साखळी मात्र अखंड होती. एका फिटरच्या हाताखाली दुसरा तयार व्हायचा, फायरमनचा ड्रायव्हर व्हायचा. ती साखळी तुटली, आणि इंजिन म्हातारं झालं ते त्या दिवशी.

या पुस्तकाचा विषय ही तुटलेली साखळी पुन्हा जोडणं हा आहे. जतन केलेलं वाफेचं इंजिन वारसा-रेल्वेच्या कारखान्यात आणून पुन्हा चालतं करायचं म्हणजे काय काय करावं लागतं, हे त्यात कामाच्या क्रमानं सांगितलं आहे. वर्धा जिल्ह्यात असा कारखाना नाही. तरीही हा विषय इथल्या वाचकापुढे ठेवावासा वाटला, कारण छोट्या लाइनीची आठवण इथं अजून ताजी आहे. आर्वी लाइनीवरच्या रोहणा-विरूळकडच्या साठी-सत्तरीतल्या माणसांशी बोला, गाडीचा विषय निघाला की ती खुलतात. आठवण आहे, कामाची माहिती मात्र झपाट्यानं विरत चालली आहे.

आपल्याकडे इंजिन जतन करायचं म्हटलं की स्टेशनाबाहेर किंवा एखाद्या रेल्वे कचेरीच्या आवारात चौथरा बांधतात, त्यावर इंजिन चढवतात, काळा-लाल ऑइल पेंट फासतात आणि भोवती साखळ्या लावतात. दर दोन-तीन वर्षांनी जुन्या रंगावर नवा रंग चढतो. मला हे पाहून मनापासून वाईट वाटतं. इंजिन भंगारात गेलं नाही, याचं समाधान मानायला हवंच, आणि चौथऱ्यावरचं इंजिन पाहून एखाद्या मुलाच्या डोक्यात यंत्रांचं वेड शिरत असेल तर तेही कमी नाही. पण रंगाखाली गंज आपलं काम करत राहतो. धुरांड्यातून पावसाचं पाणी आत जातं, स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुरांड्याखालच्या पेटीच्या, तळाला जुन्या राखेत मुरतं, आणि ओली राख लोखंडाला खाते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या इंजिनाचा स्मोकबॉक्स आतून चाळणी झालेला असतो. पितळेचे नळ, तांब्याचे पाइप आणि दाबाची घड्याळं तर फार आधीच नाहीशी होतात. देशातल्या सर्वांत मानाच्या इंजिनाचीही यातून सुटका झाली नाही. 1855 साली लीड्सला बांधलेली ‘फेअरी क्वीन’ 1997 मध्ये पुन्हा धावू लागली, जगातलं सर्वांत जुनं चालतं इंजिन म्हणून तिची नोंद झाली. पुढे 2011 मध्ये ती उभी असताना तिचे भाग चोरीला गेले आणि चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात तिला पुन्हा घडवावं लागलं.

चौथऱ्यावरून उतरवलेलं इंजिन कारखान्यात आलं की पहिला प्रश्न बॉयलरचा. चाकं, दांडे, सिलिंडर हे सगळं दिसतं, मोजता येतं, झिजलं तर भरून पुन्हा घडवता येतं. बॉयलरचं खरं रूप मात्र खोलल्याशिवाय कळत नाही. बाहेरून तो लांबट पिंपासारखा दिसतो. आत एका टोकाला भट्टी, म्हणजे फायरबॉक्स, असते, आणि तिथून शंभर-दीडशे नळ्या पाण्यातून आडव्या जाऊन पुढच्या स्मोकबॉक्समध्ये निघतात. आगीचा धूर नळ्यांतून जातो, नळ्यांभोवती पाणी असतं. भट्टीच्या भिंती दुहेरी असतात, दोन पत्र्यांच्या मध्ये चार बोटांची पाण्याची पोकळी. छोट्या लाइनीच्या इंजिनांत दाब साधारण चौरस इंचाला 160 पौंडांच्या आसपास असायचा. एवढ्या दाबाला पाणी शंभर अंशांना उकळत नाही, सुमारे 188 अंशांना उकळतं. हा दाब भट्टीचे सपाट पत्रे आत ढकलू पाहतो. त्यांना धरून ठेवतात ते स्टे, म्हणजे आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांशी बांधणारे आटे पाडलेले दांडे. एका बॉयलरमध्ये ते शेकड्यांनी असतात आणि बाहेरून त्यांची फक्त टोकं दिसतात.

या स्टेंची तपासणी हे या पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं काम. एक माणूस भट्टीच्या दारातून आत शिरतो. जागा एवढी की धड उभं राहता येत नाही, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. हातात लहान हातोडी. तो ओळीनं एकेका स्टेच्या टोकावर ठोका देतो आणि कान लावतो. शाबूत स्टे खणखणीत वाजतो. आत तुटलेला स्टे बद्द वाजतो. तसा आवाज आला की खडूनं गोल करायचा आणि पुढच्या टोकाकडे सरकायचं. जुन्या कारागिरांनी त्याला आणखी एक जोड दिली होती. स्टेच्या टोकात मध्यभागी एक बारीक भोक पाडलेलं असतं. स्टेला आत तडा गेला की त्या भोकातून पाणी झिरपतं आणि बाहेर पांढरा ओघळ उमटतो. म्हणजे तुटण्याआधी स्टे स्वतःच खबर देतो. पण हे भोक कुणीतरी रंग देताना बुजवून टाकलं तर ती खबर कुणापर्यंत पोचणार? चौथऱ्यावरच्या इंजिनांत असं सर्रास झालेलं असतं.

आपल्या भागाच्या संदर्भात पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. वर्ध्याच्या पट्ट्यात विहिरीचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि बहुधा जड असतं. घरच्या हंड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच बॉयलरमध्ये नळ्यांवर आणि भट्टीच्या माथ्यावर बसतो. खपली बसली की पत्र्याची उष्णता पाण्यात जाईनाशी होते, पत्रा तापत राहतो आणि एक दिवस फुगतो. त्यासाठी ठरावीक दिवसांनी वॉशआउट करायचं. तळाची बुचं काढून जोराच्या पाण्यानं आणि गजांनी सगळा गाळ बाहेर काढायचा. हे अगदीच बिनकौतुकाचं काम, त्याचे फोटो कुणी काढत नाही. पण इंजिन किती वर्षं जगेल हे बहुतेक या कामावर ठरत असे. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी खाली जाऊन भट्टीचा माथा उघडा पडला, तर शेवटचा रखवालदार म्हणजे माथ्यात बसवलेलं शिशाचं बूच. ते वितळतं, वाफ आणि पाणी आगीवर कोसळतात आणि सावध करतात. शिसं वितळणं ही ड्रायव्हर-फायरमनच्या आयुष्यातली मोठी नामुष्की समजली जायची.

नळ्या बदलल्या, स्टे बदलले, पत्र्यांना ठिगळं लागली, की बॉयलरची पाण्यानं परीक्षा होते. बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरून पंपानं दाब चढवतात, चालू दाबाच्या साधारण दीडपट. हवा न वापरता पाणी वापरण्याचं कारण साधं आहे. दाबलेली हवा फुटली तर स्फोट होतो; पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी एक चिळकांडी उडते आणि दाब लगेच उतरतो. ही परीक्षा उतरली की मगच आगीची. पहिली आग कधीच घाईनं पेटवत नाहीत. तेलात भिजवलेलं सुती वेस्ट, मग लाकडं, मग थोडा कोळसा. दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ, आग हळूहळू वाढवत नेतात. भट्टी आधी तापते, बाहेरचा पत्रा नंतर. एक फुगतो, दुसरा थंडच असतो, आणि घाई केली तर नेमके नवे बसवलेले सांधे गळायला लागतात.

चाकांचं काम मात्र आपल्या गावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतात, फुगली की चाकावर बसवतात आणि पाणी ओततात. धाव आवळते आणि चाक करकचून धरते. इंजिनाच्या चाकाचा पोलादी टायर असाच चढतो. फरक मापाचा, इथं केसाइतकी चूक चालत नाही. आपल्याकडचा खाती आणि रेल्वेच्या कारखान्यातला टायर चढवणारा एकाच विद्येची दोन घराणी आहेत. खात्यांच्या अंगणातली ही आगही आता विझत आली आहे, बंडीला रबरी चाकं आली तेव्हापासून.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळतो. यावर जतन करणाऱ्या मंडळींत अजून एकमत नाही. इंजिन चालवायचं तर झिजलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो. बदललेला भाग म्हणजे पुसलेला पुरावा. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिरानं रिवेट कशी मारली होती, पत्रा कसा वाकवला होता, हे त्या जुन्या पत्र्यावरच लिहिलेलं असतं. नवा बॉयलर बसवला की इंजिन धावतं, पण तो दस्तऐवज जातो. म्हणून काही इंजिनं न चालवता कोरडी, झाकलेली, हात न लावता ठेवावीत, असं मानणारा पक्ष आहे आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. माझं मत असं की जातीतलं एकच इंजिन उरलं असेल, किंवा त्यातला मूळ भाग अजून बराच शिल्लक असेल, तर ते चालवू नये. पण ज्यांचा बॉयलर कामाच्या काळातच दोन-दोनदा बदलला गेला, अशा साध्या कष्टकरी इंजिनांना मूळ अवस्थेची भीती घालून चौथऱ्यावर उभं करण्यात अर्थ नाही. त्यांची मूळ अवस्था चालण्याचीच होती. एवढं मात्र पाळावं की काढलेला प्रत्येक भाग मापं घेऊन, फोटो काढून, खुणेची चिठ्ठी बांधून ठेवावा. जुना भाग भंगारवाल्याकडे गेला की प्रश्न कायमचाच मिटतो.

दुसरी अडचण हातांची आहे. ब्रिटनमध्ये 1951 साली वेल्समधली टॅलिलिन रेल्वे हौशी माणसांनी चालवायला घेतली, तिथून वारसा-रेल्वेची चळवळ पसरली. माथेरानच्या आपल्या गाडीचं 1907 सालचं 740 क्रमांकाचं इंजिनही त्या चळवळीच्या ओढीनं इंग्लंडला गेलं. पण त्याच देशात ‘टॉर्नेडो’ नावाचं नवंकोरं मोठं वाफेचं इंजिन बांधायला घेतलं, 2008 साली ते पूर्ण झालं, तेव्हा त्याचा बॉयलर जर्मनीतल्या माइनिंगेनच्या कारखान्यातून आणावा लागला. ज्यांनी जगाला इंजिनं दिली त्यांच्याकडे तेवढा मोठा बॉयलर घडवणारा कारखाना उरला नव्हता. त्या मानानं आपण भाग्यवान आहोत. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी या शतकात नवी वाफेची इंजिनं बांधली. दार्जिलिंगची इंजिनं तिंधारियाच्या कारखान्यात दुरुस्त होतात. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये मोठ्या लाइनीची इंजिनं वाफेवर ठेवली जातात. चित्तरंजनच्या कारखान्यातून मोठ्या लाइनीचं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘अंतिम सितारा’, 1970 मध्ये बाहेर पडलं आणि मोठ्या लाइनीवरची नेहमीची वाफ 1995 च्या डिसेंबरात थांबली. एवढ्या उशिरापर्यंत चाललेल्या विद्येचे जाणकार अजून आपल्यात आहेत. पण ज्यानं 1990 च्या सुमाराला तरुणपणी फावडं हातात घेतलं, तोही आता साठीच्या आसपास आला आहे.

आपल्याला जवळ नागपूर आहे. मोतीबागेचा कारखाना बंगाल नागपूर रेल्वेच्या छोट्या लाइनींसाठी उभा राहिला आणि त्याच आवारात 14 डिसेंबर 2002 रोजी नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडलं. सातपुड्यातल्या छोट्या लाइनी एकेक करून मोठ्या झाल्या, नागपूर-छिंदवाडा 2015 मध्ये बंद झाली, नागपूर-नागभीड 2019 मध्ये. संग्रहालयात इंजिनं आहेत, हत्यारं आहेत. पुस्तक वाचून झाल्यावर तिथं जावं, म्हणजे पानावर वाचलेला क्रॉसहेड आणि कपलिंग रॉड हातानं चाचपता येईल.

कुणी म्हणेल, गांधींच्या वर्ध्यात कोळशाच्या इंजिनाचं एवढं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. ‘हिंद स्वराज’मध्ये 1909 साली गांधीजींनी रेल्वेवर कठोर टीका केली होती, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापूस ओढून नेणाऱ्या या लाइनी त्या टीकेला अपवाद नव्हत्या. मला ती टीका पुसायची नाही. पण याच वर्ध्यात 1938 साली त्यांच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झालं. तिथं चरखे आणि ग्रामोद्योगाची साधनं मांडली गेली ती लोकांनी पाहून, शिकून, घरी जाऊन वापरावीत म्हणून. हत्यार काचेत बंद करण्यापेक्षा हाताळलं जावं, हा विचार या गावाला परका नाही. इंजिनाच्या राजकारणाबद्दल कितीही मतभेद असले, तरी ते दुरुस्त करणारा पुलगावच्या शेडमधला फिटर हा विणकर-लोहारांइतकाच कारागीर होता. त्याची विद्या कुणी ग्रामोद्योगाच्या यादीत घातली नाही, एवढंच.

ही विद्या फक्त रेल्वेत होती असंही नाही. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, वर्धा इथल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये वाफेची यंत्रं होती, त्यांचे बॉयलर होते आणि ते राखणारी माणसं होती. आजही राज्याचं बाष्पके संचालनालय आहे, बॉयलर अटेंडंटची परीक्षा आहे, आणि जिल्ह्यातल्या आयटीआयमधून फिटर, वेल्डर, टर्नर बाहेर पडतात. वाफेच्या इंजिनाला लागणारी निम्मी कौशल्यं या मुलांकडे आधीच असतात. उरलेली निम्मी, म्हणजे व्हाइट मेटलचं बेअरिंग निळं लावून खरवडत जुळवणं, नळी एक्स्पँडरनं नेमकी किती फुगवायची, रिवेट लाल असताना किती ठोके, ही पुस्तकातून पुरी येत नाहीत. आम्ही ती लिहिण्याचा प्रयत्न मात्र केला आहे. वर्ध्यात पूर्ण इंजिन उभं करण्याचं स्वप्न आज पाहायला हवं असं मी म्हणत नाही. एखादा जुना, लहान, उभा बॉयलर मिळवून त्यावर हात बसवता आला तरी सुरुवात होईल.

पुस्तकाची प्रकरणं क्रमानं वाचावीत. बॉयलरच्या प्रकरणात काही ठिकाणी दमछाक होईल. पण ते टाळून चाकांकडे जाऊ नये, कारण पुढचा प्रत्येक निर्णय बॉयलरच्या अवस्थेवर घेतला जातो.

आणि ज्यांच्या घरात, नात्यात, शेजारात पुलगाव, मुर्तिजापूर किंवा मोतीबागेच्या शेडमध्ये काम केलेले आजोबा-मामा आहेत त्यांच्याकडे एक मागणं आहे. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. काचेतलं पाणी दिसेनासं झालं तर पहिलं काय करायचे? बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर धरत नसला तर तो कशानं वठणीवर यायचा? शेडमध्ये कोणत्या हत्याराला काय म्हणायचे? चढावर आग कशी लावायचे, आणि पावसाळ्यात ओला कोळसा आला तर? उत्तरं त्यांच्याच वऱ्हाडीत, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, शुद्ध करू नका, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव, शेडचं नाव आणि नोकरीची सालं लिहा.